गोव्याला फुटबॉल पोर्तुगिजांनी दिला? आसगावच्या नेव्हिल डिसोझाची साक्ष : एक थ्रेड

दर चार वर्षांनी विश्वचषक आला की मराठी समाजमाध्यमांवर एक वाक्य हमखास उगवते : ‘गोव्याच्या रक्तातच फुटबॉल आहे, कारण तिथे साडेचारशे वर्षे पोर्तुगीज होते.’ सोबत रोनाल्डोचे छायाचित्र, गोव्यातल्या एखाद्या बाल्कनीवर लटकलेला लाल-हिरवा झेंडा, आणि खाली कौतुकाचा पाऊस. हे वाक्य वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की ते तपासावे असे कोणालाच वाटत नाही.

या थ्रेडमध्ये ते तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. हे वाक्य कालक्रमात बसत नाही, भूगोलात बसत नाही, आणि ज्याच्या एकट्याच्या कारकिर्दीने ते कधीच निकालात निघायला हवे होते, त्या माणसालाच ते पुसून टाकते. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा.

आधी कालक्रम पाहू.

पोर्तुगिजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याचे नियम लंडनमध्ये लिहिले गेले १८६३ मध्ये. म्हणजे साडेचारशेपैकी पहिली साडेतीनशे वर्षे हिशेबातून बाद. उरली शेवटची शंभरेक. आता प्रश्न असा की या काळात खुद्द पोर्तुगालला फुटबॉल कोणी शिकवला? मदेरा बेटावरच्या कमाशा या गावी १८७५ मध्ये हॅरी हिंटन या इंग्रज कुटुंबातल्या तरुणाने चेंडू आणला. मुख्य भूमीवर लिस्बनजवळच्या कश्काइशमध्ये १८८८ मध्ये पिंटो बास्तो बंधूंनी हा खेळ मांडला. हे बंधू इंग्लंडात शिकून आलेले. पुढच्याच वर्षी लिस्बनमध्ये तिथल्या इंग्रजांशी सामना झाला.

आणि गोव्यात? गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगणारे जवळपास सगळेच एका नोंदीपासून सुरुवात करतात : १८८३, बार्देशातले शिवोली गाव, फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. हे फादर पोर्तुगीज नव्हते, ब्रिटिश होते. हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेशी त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि शाळेतल्या मुलांच्या अंगात शिस्त यावी म्हणून खेळ हे त्या काळच्या ब्रिटिश शिक्षणाचे लाडके सूत्र होते.

तारखा शेजारीशेजारी ठेवा. शिवोली १८८३. कश्काइश १८८८. लिस्बनजवळच्या उमरावांनी चेंडूला पाय लावला त्याच्या पाच वर्षे आधी बार्देशातली पोरे खेळू लागली होती, आणि दोन्हीकडे गुरू इंग्रजी वळणाचेच. जो स्वतः शिकतो आहे त्याने शिकवले असे म्हणायचे असेल तर निदान शिकवणीची तारीख तरी पुढची हवी.

आता भूगोल.

मी राहते माहुलला. तेलशुद्धीकरण कारखाने आणि प्रकल्पग्रस्तांची वसाहत या दोनच कारणांनी बातम्यांत येणारे हे मुंबईच्या पूर्व कडेचे गाव. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईच्या तहाने हा सगळा टापू पोर्तुगिजांना दिला. ट्रॉम्बे-माहुलपासून साष्टी आणि वसईपर्यंत त्यांचा अंमल १७३७-३९ च्या मराठ्यांच्या मोहिमेपर्यंत टिकला. दोनशे वर्षे! पोर्तुगीज सत्ता म्हणजे फुटबॉल, हे समीकरण खरे असते तर आमच्या गावात आज खेळाडूंचा कारखाना असायला हवा होता. आहेत ते दुसरेच कारखाने.

‘अहो, तेव्हा फुटबॉलच नव्हता,’ असे कोणी म्हणेल. बरोबर. मग दमण आणि दीव घ्या. तेथील पोर्तुगीज सत्ता गोव्याबरोबरच, १९६१ च्या डिसेंबरात संपली. दमणची ओळख कोणी फुटबॉलने करून देतो का? उलट, जिथे पोर्तुगीज राज्य कधीच नव्हते त्या कोलकात्यात, मणिपुरात, हैदराबादेत हा खेळ असा रुजला की भारतीय संघाचा कणा बराच काळ तिथूनच येत राहिला. दोन्ही बाजूंनी तपासून पाहिले तरी समीकरण जुळत नाही.

येथून पुढे नेव्हिल.

नेव्हिल डिसोझाचा जन्म ३ ऑक्टोबर १९३२ चा, आसगावचा. नकाशा उघडलात तर दिसेल की आसगाव आणि शिवोली ही बार्देशातली लगतची गावे आहेत. फादर लायन्सच्या चेंडूपासून हाकेच्या अंतरावर, एकोणपन्नास वर्षांनी. जन्माने तो पोर्तुगीज अमलाखालचा. कागदाच्या भाषेत बोलायचे तर ‘पोर्तुगीज आघाडीपटू’ हे बिरुद त्याला चिकटवता आले असते. पण त्याचा फुटबॉल घडला मुंबईत, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून.

मुंबईत का, हे समजण्यासाठी धोबीतलावला जावे लागते. एकोणिसाव्या शतकापासून गोव्याच्या गावागावांतून माणसे मुंबईला येत होती : बोटीवरचे खलाशी, स्वयंपाकी, शिंपी, बँडवाले. त्यांनी धोबीतलाव, मझगाव या भागांत ‘कूड’ उभे केले. कूड म्हणजे एकेका गावाच्या लोकांनी चालवलेले स्वस्त निवासघर; गावाच्या संतपुरुषाची वेदी, भिंतीला लागलेल्या पेट्या, बोट मिळेपर्यंतचा मुक्काम. गोव्यात पोट भरेना म्हणून हे कूड जन्माला आले, ही गोष्ट पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाणारे सोयीने विसरतात.

आणि याच मुंबईत फुटबॉलची सगळी यंत्रणा होती. रोव्हर्स कप १८९१ पासून. हारवुड लीग विसाव्या शतकाच्या आरंभापासून. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ पासून. कूपरेजचे मैदान. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंपन्या. टाटा, रेल्वे, तेलकंपन्या खेळाडूला नोकरी देत. पगार कार्यालयाचा, संध्याकाळ मैदानाची. गोव्यात लीगची घडी बसू लागली ती १९५१ च्या सुमारास आणि ‘असोसियासाव द फुटबॉल द गोवा’ ही संघटना स्थापन झाली २२ डिसेंबर १९५९ ला, म्हणजे पोर्तुगीज सत्ता संपायला जेमतेम दोन वर्षे उरली असताना. ‘साडेचारशे वर्षांची देणगी’ ती हीच.

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, कर्णधार समर (बद्रू) बॅनर्जी. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. हे सांगायला हवे, कारण आपल्याकडे देशभक्तीच्या भरात ‘आपण चौथे आलो’ एवढेच सांगतात आणि स्पर्धेत अकराच संघ होते हे गाळतात. १९५० च्या विश्वचषकाला भारत अनवाणी खेळण्याच्या हट्टापायी गेला नाही, ही दंतकथाही अशीच आवडीने पोसलेली. चुकीचे श्रेय पोर्तुगालला देणे आणि फुगवलेले श्रेय स्वतःला देणे, दोन्ही एकाच कुळातले.

१ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. ऑस्ट्रेलियाची बरोबरी. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल. मध्यंतरापूर्वी पुन्हा बरोबरी. पन्नासाव्या मिनिटाला तिसऱ्यांदा नेव्हिल. ऐंशीच्या सुमारास किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आसगावचा होता.

तीन दिवसांनी उपांत्य सामना, समोर युगोस्लाव्हिया. पूर्वार्ध गोलशून्य. उत्तरार्धात पहिला गोल कोणाचा? नेव्हिलचाच. काही मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर होता. मग युगोस्लाव्हियाने सामना फिरवला, ४-१. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाकडून ०-३. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक, चार गोल करणारे तिघे होते : युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचा डिसोझा.

आता या तारखेभोवतीचे राजकारण पाहा, कारण खरा पेच तिथे आहे. १९५१ मध्ये सालाझारच्या राजवटीने घटना बदलून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. हेतू उघड होता : गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच तुकडा आहे, असे जगाला सांगणे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, मुंबईतला गोवेकर आणि त्याचे गाव यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, ज्याचे जन्मगाव त्या भिंतीपलीकडे होते असा तरुण भारताची जर्सी घालून ऑलिंपिकमध्ये गोल करत होता. नेव्हिलने ती जर्सी राजकीय विधान म्हणून घातली असे मी म्हणत नाही. खेळाडूच्या मनात शिरून बसायचा अधिकार इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाही. पण आज त्याच्या गोलांचे श्रेय सालाझारच्या ‘प्रांता’च्या खात्यात जमा करणे ही निव्वळ ऐतिहासिक चूक राहत नाही. ती त्या राजवटीच्या प्रचाराची, सत्तर वर्षे उशिराने केलेली, फुकटची चाकरी आहे.

याच्या समोर एक खराखुरा पोर्तुगीज आघाडीपटू ठेवून पाहू. फर्नांडो पेरोतेव. जन्म १९१८, अंगोलातल्या हुंपाता येथे, वसाहतीतल्या गोऱ्या कुटुंबात. १९३७ मध्ये लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबात आला, १९४९ मध्ये एकतिसाव्या वर्षी थांबला. मधल्या काळात लीगच्या १९७ सामन्यांत सव्वातीनशेहून अधिक गोल. सामन्यामागे दीडहून जास्त! स्पोर्टिंगच्या त्या आघाडीच्या फळीला ‘पाच व्हायोलिनवादक’ म्हणत. पुढे हा माणूस प्रशिक्षक झाला, आणि तोही थेट राष्ट्रीय संघाचा. ही कारकीर्द दोन सामन्यांची ठरली. ८ ऑक्टोबर १९६१ ला चिमुकल्या लक्झेंबर्गकडून २-४ असा पराभव. याच सामन्यात त्याने एका नवख्या पोराला पहिल्यांदा राष्ट्रीय संघात खेळवले, त्याचे नाव युसेबियो. २५ ऑक्टोबरला वेम्बलीवर इंग्लंडकडून ०-२. पद गेले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १९ डिसेंबरला, पणजीवरचा पोर्तुगीज झेंडाही गेला.

पेरोतेवची कथा मला येथे हवी आहे ती एका कारणासाठी. लिस्बनच्या फुटबॉलला साम्राज्याची शिडी होती, हे ती दाखवते. पेरोतेव आणि बेनफिकाचा कर्णधार जुझे आगुआश अंगोलातून; मातातेऊ, कोलुना, युसेबियो मोझांबिकमधून. ही शिडी आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलेली होती आणि तिच्यावरून चढलेल्यांच्या जोरावर पोर्तुगाल १९६६ च्या विश्वचषकात तिसरा आला. त्या काळात गोव्याचे जे नाव जगाच्या मैदानावर गाजले, ते या शिडीने चढलेले नव्हते. बार्देशातल्या पोराची शिडी मुंबईला टेकलेली होती.

नेव्हिल हा एकटा अपवाद होता असेही नाही. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको घ्या. पुन्हा बार्देशच, पुन्हा टाटा स्पोर्ट्स क्लब. १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात तो होता, तेव्हा त्याच्या गावात पोर्तुगीज अंमल चालू होता. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण जिंकले, त्या संघाचा हाफबॅक हाच. फ्रँको २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत गेले. बातमी आली, दोन दिवस फिरली, विरली.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. तो टाळून पुढे जाणे हा वादातला पळपुटेपणा होईल. मुद्दा असा : गोव्यात फुटबॉल फोफावला तो प्रामुख्याने कॅथलिक गावांत, चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत, फेस्ताच्या दिवसांत, पीक निघाल्यावरच्या शेतांत. ही गावरचना, हे चर्च, हा फेस्त पोर्तुगीज काळातले. मग श्रेय कसे नाकारणार?

मैदानाचे श्रेय नाकारत नाही. पण मैदान असणे आणि खेळ असणे यांत फरक आहे. चर्चचे पटांगण सोळाव्या शतकापासून तिथे होते. चेंडू एकोणिसाव्या शतकात आला आणि तो आणणारा ब्रिटिश होता. शिवाय पुढे त्या फुटबॉलला पैसा कोणी पुरवला? साळगावकर संघ उभा राहिला १९५६ मध्ये, वासुदेव साळगावकर यांच्या लोहखनिजाच्या उद्योगातून. पाठोपाठ धेंपो. ही गोव्यातली हिंदू, सारस्वत घराणी. ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर हा भारताचा कर्णधार झालेला गोलरक्षक. ज्यांच्या पूर्वजांची देवळे पोर्तुगिजांनी पाडली आणि ज्यांना मूर्ती घेऊन अंत्रुजात पळावे लागले, त्या समाजाने फुटबॉल ‘पोर्तुगीज संस्कार’ म्हणून जवळ केला असे म्हणणे म्हणजे इतिहासाची थट्टा आहे. त्यांनी तो गोव्याचा खेळ म्हणून जवळ केला. गोव्याला फुटबॉल गोवेकरांनी दिला, असे सरळ म्हणायला आपली जीभ का अडखळते?

अडखळते, कारण आपल्याला प्रत्येक गोष्टीला दाता लागतो. रेल्वे इंग्रजांनी दिली, पाव पोर्तुगिजांनी दिला, फुटबॉलही त्यांनीच दिला असणार. या हिशेबात राज्यकर्ता नेहमी हात पुढे करणारा आणि प्रजा नेहमी ओंजळ धरणारी. कूडमध्ये पेटीवर झोपून सकाळी कामावर जाणारा माणूस, कंपनीच्या संघात जागा मिळाली म्हणून नोकरी लागलेला पोरगा, त्या संघासाठी रजा मंजूर करणारा कुणी अनाम साहेब, हे सगळे या हिशेबात कुठेच नसतात. आणि खरी यंत्रणा तर तीच होती.

या यंत्रणेचे काय झाले, हे पाहायला मला लांब जावे लागत नाही. १९५८ चा रोव्हर्स कप मुंबईच्या कॅल्टेक्सने जिंकला, तेलकंपनीच्या संघाने. कॅल्टेक्सचे पुढे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७८ मध्ये ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. हिंदुस्तान पेट्रोलियमची मुंबईतली रिफायनरी आमच्या माहुललाच आहे. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकने सुरू केलेली. माहुलच्या मुलांना त्या चिमण्या प्रदूषणामुळे पाठ आहेत. जी कंपनी पुढे या रिफायनरीच्या मालकांत मिसळली, तिच्या संघाने एके काळी कोलकाता-हैदराबादच्या मातब्बर संघांची मक्तेदारी मोडून रोव्हर्स कप मुंबईत ठेवला होता, हे कोणी त्यांना सांगितलेले नाही.

मुंबईचा मोठा कंपनी-संघ, महिंद्रा युनायटेड, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये बंद झाला. गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. म्हणजे ज्या दोन आधारांवर हा खेळ उभा होता, मुंबईच्या कंपन्या आणि गोव्याची खाण-घराणी, ते दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत खचले. फुटबॉल ‘रक्तात’ आहे असे मानणाऱ्यांना याची चिंता वाटत नाही. रक्तात असलेली गोष्ट आपोआप टिकते ना! नोकऱ्या, मैदाने, प्रशिक्षक, लीग यांवर खेळ जगतो असे मानणाऱ्यालाच झोप लागत नाही. ‘पोर्तुगीज देणगी’च्या कथेचा मला राग आहे तो प्रामुख्याने यासाठी. ती भूतकाळ चुकीचा सांगते हे एक. वर्तमानात काय मोडले आहे हे ती दिसू देत नाही, हे त्याहून वाईट.

नेव्हिल १९८० मध्ये गेला, पन्नाशीही न गाठता. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झाले. त्या यादीत त्याचे नाव नाही. फ्रँकोचेही नाही. मात्र मुंबई अगदीच कृतघ्न निघाली नाही. वांद्र्याला मुंबई फुटबॉल संघटनेचे सामने ज्या कृत्रिम गवताच्या मैदानावर होतात, त्याचे नाव नेव्हिल डिसोझा मैदान आहे. तुमच्यापैकी कित्येकजण तिथे खेळले असतील. पुढच्या वेळी सामन्याआधी संघातल्या एकाला विचारून पाहा, हा नेव्हिल कोण; आणि उत्तर ‘कोणीतरी पोर्तुगीज असेल’ असे आले, तर त्याला १ डिसेंबर १९५६ ही तारीख सांगा.

रोव्हर्स कपवर वेगळा थ्रेड लिहिते आहे. १९५८ ची कॅल्टेक्स तिथे सविस्तर येईल.